'मीटरगेज'चा खालचा थर

पुसलेला आवाज परत वाचता येतो ही बातमी मी फोनवर वाचली, तेव्हा चहात खारी बुडवत होतो. खारी तशीच चहात पडली. समोर बसलेली एस्तर, माझी बायको, म्हणाली, "चमचा घे की," आणि मी फोन पालथा ठेवून चमच्यानं खारीचा लगदा काढत बसलो. ही गोष्ट २०३४ची. तेव्हापासून दोन वर्षं मी धास्तीत होतो, आणि ती कशाची हे जगात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

विज्ञान तसं सोपं आहे. जुन्या टेपच्या पट्टीवर लोहाच्या गंजाची बारीक पूड असते. आवाज म्हणजे त्या कणांना कुठल्या दिशेला तोंड करून उभं केलंय, एवढंच. त्यावर दुसरं काही भरायचं तर यंत्रातलं एक हेड आधीची रांग मोडतं आणि दुसरं हेड नवी रांग लावतं. पण हेड केसभर जरी तिरकं बसलेलं असलं, तर पट्टीच्या कडेला सूतभर जागा तशीच राहते. फरशी पुसताना कोपरा राहतो, तशी. जुनी यंत्रं पट्टी एका फटीतून ऐकायची, त्यामुळे वरच्या मोठ्या आवाजाखाली ती कड कधी कळायचीच नाही. नवं यंत्र पट्टी ऐकत नाही, पाहतं. तिच्या सबंध रुंदीचा चुंबकीय फोटो काढतं आणि कुठला कण आधीचा आणि कुठला नंतरचा, याचा उलगडा करतं. एकावर एक भरलेले आवाज थराथरानं सुटे होतात, म्हणून त्याला थरवाचन म्हणतात.

आपल्याकडे तर घराघरात कॅसेटवर कॅसेट भरलेली. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटला जे भोक असायचं, त्यावर चिकटपट्टी लावायची आणि भरा पुन्हा. त्यामुळे थरवाचन केंद्रांवर ही गर्दी उसळली. सांगलीच्या एका बाईंना सिनेमाच्या गाण्यांखाली वारलेल्या वडिलांचा आवाज सापडला. ते प्रेमानं कुणाला तरी गाणं म्हणून दाखवत होते, आणि ज्या बाईला दाखवत होते ती यांची आई नव्हती. त्यांनी केंद्रावरच केस केली. लोक हसले. मी नाही हसलो.

आता माझं ऐका. मी शलमोन आवळे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. पण मिरजेत मला त्या नोकरीसाठी कुणी ओळखत नाही. मला 'मीटरगेज'वाले सर म्हणतात. १९८४ साली मिशन कंपाउंडातल्या आम्ही चौघांनी 'जंक्शन' नावाचा बँड काढला आणि मराठीत रॉक वाजवलं. मी गिटार, विल्सन ड्रमवर, त्याचा मावसभाऊ दाऊद बेसवर आणि चर्चच्या क्वायरमधली एस्तर सातपुते गायला. सतारी बनवणाऱ्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराला पटवून आम्ही माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या घोडीला तंबोऱ्यासारखी जवारी काढून घेतली होती. त्यामुळे तिचा प्रत्येक सूर मागे झणकार ठेवून जायचा. 'मीटरगेज' हा आमचा एकच अल्बम. तेव्हा खपला नाही. वीस वर्षांनी कॉलेजच्या पोरांनी तो उकरून काढला आणि डोक्यावर घेतला. त्यातल्या 'आउटर सिग्नल' गाण्यात मधोमध जो दीड मिनिटाचा सोलो आहे, त्यावर मी आयुष्य काढलं. मुलाखती दिल्या, सत्कार घेतले, घरी गिटारचे क्लास चालवले.

तो सोलो आधी एस्तरनं वाजवला होता.

गिटार तिला मीच शिकवली. तीन कॉर्ड दाखवल्या, आणि सहा महिन्यांत ती माझ्यापुढे गेली. ती डावखुरी. शाळेत मास्तरांनी छड्या मारून उजव्या हातानं लिहायला लावलेलं, पण गिटार हातात आली की डावा हात आपोआप पुढे यायचा. माझी गिटार ती सरळ उलटी धरायची, तारा खालच्या वर, आणि तशीच वाजवायची. कोल्हापूरच्या स्टुडिओत आम्ही एका दिवसासाठी गेलो होतो. सोलोच्या वेळी माझं बोट कापलेलं होतं, म्हणून विल्सन म्हणाला, एस्तर वाजवू दे. तिनं एकदाच वाजवलं. सकाळपासून आमच्याकडे ढुंकून न बघता पेपर वाचत बसलेल्या रेकॉर्डिस्टनं तेव्हा पेपर खाली ठेवला. माझ्या सोलोला त्यानं पानसुद्धा उलटायचं थांबवलं नसतं, हे मला तिथेच कळलं. तो म्हणाला, "जेवून येऊ, मग ऐकू." सगळे तांबडा-पांढरा खायला गेले. मी बोट दुखतंय म्हणून मागे थांबलो, टेप मागे नेली आणि तिच्या ट्रॅकवर दीड मिनिट नुसतं रिकामं रेकॉर्ड दाबून धरलं.

आल्यावर सांगितलं की चुकून हात पडला. वर हेही सांगितलं, "एका अर्थी बरंच झालं. ताल सुटत होता तिचा." विल्सन म्हणाला, "कुठं सुटला?" मी म्हणालो, "ढोल बडवणाऱ्याला काय कळतंय." स्टुडिओचे दोन तास उरले होते. मी बोटाला चिकटपट्टी गुंडाळली आणि तिचीच सुरुवात उचलून माझा सोलो भरला. एस्तरनं आपलं वाजवणं एकदाही ऐकलं नाही. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं, ती हॉस्पिटलात नर्स झाली, आणि गिटारला पुन्हा तिनं हात लावला नाही. मी हेवेखोर माणूस आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं, फक्त त्या दुपारी ते कामाला आलं.

दाऊद गेला, मग विल्सन गेला. आणि या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं 'मीटरगेज'ची मूळ टेप विकत घेतली. नव्यानं साफ करून, रीमास्टर करून अल्बम पुन्हा काढायचा होता. काम बघणारी मुलगी ऋजुता, तिशीतली, बोलायला गोड. तिचा फोन आला तेव्हा मी क्लासच्या खोलीत तारा बदलत होतो.

"सर, एक गंमत सापडलीय," ती म्हणाली. "तुमच्या सोलोखाली आणखी एक सोलो आहे. त्या स्टुडिओतलं हेड तिरकं होतं, म्हणून कड राहिली."

"असेल काहीतरी ट्रायल," मी म्हणालो. "तो नका घेऊ. वरचाच घ्या."

"सर, तुम्ही आधी ऐका तरी."

तिनं फाइल पाठवली. एस्तर चर्चला गेली होती, मी खोलीचं दार लावून ऐकलं. बावन्न वर्षांनी. मला वाटलं होतं, मी तेव्हा पोरगा होतो, उगाच घाबरलो असेन. आता ऐकलं तर कळेल की बरं होतं, इतकं काही नव्हतं. तसं काही झालं नाही. माझ्या सोलोत प्रत्येक सुराला आपण चांगले आहोत हे दाखवायची घाई आहे. तिच्यात घाईच नव्हती. जवारीचा झणकार विरेपर्यंत ती थांबत होती आणि पुढचा सूर त्याच्या पोटातून काढत होती. बाविशीत मला जे जळलं होतं ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा जळलं, अगदी त्याच जागी.

संध्याकाळी ऋजुतानं पुन्हा फोन केला. "ऐकलंत? आमच्या इथे सगळे वेडे झालेत. सर, हे बाहेर आलंच पाहिजे. तुमचंच ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विचारायचं कारण असं," ती म्हणाली, "की यंत्र प्रत्येक तारेची वेळ वेगळी दाखवतं. हात वरून खाली आला की जाड तार आधी वाजते. वरच्या थरात तसंच आहे. खालच्या थरात प्रत्येक घाव आधी पातळ तारेवर पडलाय. म्हणजे गिटार उलटी धरलेली. तुम्ही डावखुरे आहात का?"

"तेव्हा कधी कधी गंमत म्हणून उलटी धरायचो," मी म्हणालो.

इतकं सहज तोंडातून आलं. आधी मला ते गाडायचं होतं, आणि लोक वेडे झालेत म्हटल्याबरोबर मी ते खिशात घातलं. ऋजुता खूश झाली. शलमोन आवळे यांचा हरवलेला सोलो, अशी जाहिरात करू म्हणाली. शनिवारी पुण्यात पत्रकारांसमोर नाव जाहीर व्हायचं होतं, आणि त्याआधी मी एक कागद सही करून पाठवायचा होता.

एस्तरला कळणारच होतं, म्हणून मीच ऐकवायचं ठरवलं. ती ओट्यापाशी स्टुलावर बसून लसूण सोलत होती. कानातली यंत्रं तिनं नीट बसवली. मी मोठ्या स्पीकरवर लावलं आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. ओळखलं तर काय करायचं, याचा मी काहीच विचार केला नव्हता.

पहिल्या दहा सेकंदांत तिचे हात थांबले. संपेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, "परत लाव."

मी परत लावलं.

"सुरुवात तुझीच आहे," ती म्हणाली. "पण पुढे हे... शलमोन, हे तू वाजवलंस?"

"हो."

"आणि पुसलंस?"

"तेव्हा बरं वाटलं नव्हतं."

ती बराच वेळ लसणाची सालं एका जागी गोळा करत राहिली. मग म्हणाली, "एक सांगू? रागावू नकोस. माझं ते तुझ्या हातून पुसलं गेलं ना कोल्हापूरला, ते तू मुद्दाम पुसलंस असं मला वाटायचं. पुष्कळ वर्षं. लग्नात पाद्री 'कबूल आहे का' विचारत होते तेव्हासुद्धा माझ्या मनात तेच होतं. कुणाला बोलले नाही कधी. मनात ठेवून तुझ्याशी नांदले." तिनं डोळे पुसले. "आज कळलं. असं वाजवणाऱ्या माणसाला माझं कशाला पुसावं लागेल."

मी सुटलो होतो. बावन्न वर्षांचा संशय तिनं स्वतःच्या हातानं काढून फेकला होता, आणि तोही माझ्या चोरीचा पुरावा ऐकून. मी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

पुढचे चार दिवस माझ्या घरात माझी जी सरबराई झाली तशी जावयाचीही होत नसेल. एस्तरनं न सांगता माझ्या आवडीची गोड सांदणं केली. शेजारच्या प्रीसिलाबाईंना बोलावून तो सोलो ऐकवला आणि म्हणाली, "आमच्या ह्यांनी वाजवलेलं." पन्नास वर्षं मला नावानं, अरे-तुरे हाक मारणारी बाई, अचानक चारचौघांत 'ह्यांनी'. स्वयंपाक करताना ती तेच सूर गुणगुणायची आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघायची. ते बघणं मला सहन होईना.

कारण असं तिनं माझ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. माझा सोलो गाजला, सत्कार झाले, टीव्हीवाले येऊन गेले, तेव्हा ती चहा ठेवायला आत जायची. मी समजायचो, हिला कौतुक करता येत नाही, स्वभाव आहे. आता दिसलं की येतं. चांगलं भरभरून येतं. फक्त ते माझ्या वाट्याचं नव्हतं. चार दिवस ती ज्याच्या प्रेमात पडल्यासारखी वागत होती तो माणूस मी नव्हतो, आणि मी त्याच्या ताटात बसून जेवत होतो. स्वतःच्या बायकोच्या कौतुकाचा मला इतका मत्सर वाटला की घास उतरेना. मी सत्य बोललो ते चांगुलपणानं, असं कुणी समजू नये. मला ते बघणं बंद करायचं होतं.

शुक्रवारी सकाळी ती म्हणाली, "उद्या पुण्याला तो निळा शर्ट घाल. मी पण येते."

"एस्तर, ते माझं नाही."

"काय?"

"तो सोलो. तुझा आहे. मी पुसलेला."

ती हसली. "आता नको तिथं मोठेपणा करू नकोस."

"खरंच सांगतोय."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस. माझा ताल सुटायचा, मला माहिताय. तूच तर सांगितलेलंस."

माझी एक थाप तिनं इतकी जपून वापरली होती की आता ती माझ्याच्यानं परत घेववत नव्हती. मी म्हणालो, ताल सुटत नव्हता. म्हणालो, रेकॉर्डिस्टनं पेपर खाली ठेवला होता. ती मान हलवत राहिली. शेवटी मी क्लासमधली ती जुनी जवारीची गिटार आणली, तिच्या मांडीवर ठेवली आणि फाइल लावली. "सोलोच्या शेवटी चार कॉर्ड आहेत," मी म्हणालो. "त्यांत आधी पातळ तार वाजते. मशीननं मोजलंय. मी उलटी गिटार आयुष्यात धरलेली नाही."

"माझी बोटं वळत नाहीत आता."

"वाजवू नकोस. नुसती धर."

तिनं गिटार उचलली. कुणी न सांगता ती तिच्या हातात फिरली, मान उजवीकडे, जाड तारा खाली. स्पीकरवर सोलो शेवटाला आला. पहिल्या कॉर्डला तिचा डावा हात नुसताच हवेत राहिला. दुसऱ्या कॉर्डला तो तारांवरून खाली आला, आणि स्पीकरमधला झणकार आणि तिच्या हातातला झणकार एकत्र उठले. तिसऱ्याला तसंच. चौथ्याआधी एक लांब थांबा आहे, कुणालाही चकवणारा. माझे सगळे विद्यार्थी वाजवताना तिथे घाई करतील. ती थांबली. जेवढं थांबायचं तेवढंच थांबली आणि टेपवरच्या हाताबरोबर तिचा हात खाली आला.

तिनं गिटार मांडीवरून काढली नाही.

"तू मुद्दाम पुसलंस," ती म्हणाली.

"हो."

"जेवायला गेलो होतो तेव्हा."

"हो."

"आणि या आठवड्यात ते स्वतःच्या नावावर घेतलंस."

"हो."

मला वाटलं ती रडेल किंवा गिटार फेकेल. दोन्ही मला चाललं असतं. ती तारांकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "काय पोरगी होती रे." ते ती मला म्हणाली नाही. तिच्या चेहऱ्यावर आता मत्सर होता. तो मी कुठेही ओळखीन. बाहत्तर वर्षांची बाई वीस वर्षांच्या मुलीवर जळत होती, जिच्याकडे तेव्हा सगळं होतं आणि जिला ते ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षं आम्ही एका छताखाली राहिलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोघांना एकच दुखणं होतं. पण तिला ते मी दिलेलं होतं.

"त्या मुलीला फोन लाव," ती म्हणाली.

मी ऋजुताला लावला आणि फोन तिच्या हातात दिला. एस्तर हॉस्पिटलात रात्रपाळीचा चार्ज देताना बोलायची तशा सुरात बोलली. खालचा थर माझा आहे. डावखुरी मी. यांनी सांगितलं ते खोटं होतं. मग ऋजुता चाचरत म्हणाली की कागद बदलावे लागतील, आणि नाव कसं लिहायचं.

"एस्तर सातपुते."

मी जवळच उभा होतो. लग्नानंतरचं आवळे हे नाव तिनं कधी टाकलं ते मला कळलंच नाही.

"मग मॅडम, सरांचा सोलो काढून टाकू?" ऋजुतानं विचारलं. "गाण्यात एकच बसेल. लोकांना चालतंय आता, जुनं बदललेलं."

"काढून टाका," मीच पुढे होऊन म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं. काढून टाकला की तुलना उरणार नव्हती. एक म्हातारा चुकला, त्यानं कबूल केलं, संपलं. लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील.

एस्तरनं माझ्याकडे पाहिलं. बायको पन्नास वर्षांनी नवऱ्याला आतून-बाहेरून ओळखते म्हणतात. मी का काढा म्हणतोय, ते तिला लगेच कळलं.

"नाही. काही पुसायचं नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "तेच गाणं दोनदा घ्या. एकदा त्याचा सोलो, एकदा माझा. एकापाठोपाठ एक. ऐकू देत लोकांना."

"आधी कुठला ठेवू, मॅडम?"

माझ्या हातावर तिनं आपला डावा हात ठेवला, आजाऱ्याच्या हातावर ठेवतात तसा.

"आधी त्याचा," ती म्हणाली. "माझ्यानंतर त्याचा कोण ऐकणार?"